सीडी४ चांगला आला, आता हृदयाचे काय?

एचआयव्हीवरचे औषधोपचार, म्हणजे एआरटी, देणाऱ्या केंद्रावर तपासणीला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘सीडी फोर किती आला?’ प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशींचा हा आकडा पाचशे-सहाशेच्या घरात निघाला की चेहरा सैलावतो, उपचारांच्या नोंदींचे हिरवे पुस्तक पिशवीत जाते आणि गोळ्यांची बाटली घेऊन माणूस बसस्थानकाची वाट धरतो. प्रश्न रास्तच आहे, कारण भारतात १ एप्रिल २००४ रोजी सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा या आकड्यावरच औषध कधी सुरू करायचे ते ठरत असे. परंतु तेव्हा तिशीत असलेले रुग्ण आज पन्नाशीत आहेत, आणि त्यांच्यापुढचा धोका आता क्षयरोगाचा किंवा न्यूमोनियाचा कमी आणि हृदयविकाराचा व पक्षाघाताचा अधिक आहे. हा धोका सीडी४च्या आकड्यात दिसत नाही. तो कुठे दिसतो, कसा मोजायचा आणि कमी करण्यासाठी काय करायचे, हे चाळिशी गाठलेल्या आणि नियमित एआरटी घेणाऱ्या वाचकांसाठी, तसेच त्यांच्या घरच्यांसाठी येथे लिहिले आहे. औषधांविषयी जे लिहिले आहे ते डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहे, दुकानातून परस्पर आणून सुरू करण्यासाठी नाही.

रक्षक पेशी रक्तवाहिनीला का छळतात

हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचतो एवढे बहुतेकांना ठाऊक असते, पण तो थर साचवण्यात प्रतिकारशक्तीच्या पेशींचा हात असतो हे फारसे कुणी सांगत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराखाली एलडीएल हे वाईट मानले जाणारे कोलेस्टेरॉल शिरते, तेथे त्याचे ऑक्सिडीकरण होते, आणि शरीर त्याला परके समजून मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिकडे धाडते. या पेशी अस्तराला चिकटतात, आत घुसतात, मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी बनतात आणि कोलेस्टेरॉल गिळत सुटतात. गिळून गिळून फुगलेल्या अशा पेशींचा ढीग म्हणजेच प्लाक. त्याच्यावर तंतूंची एक साय धरलेली असते. साय जाड असेल तर प्लाक वर्षानुवर्षे गप्प राहतो. मात्र आतल्या भक्षक पेशी चवताळलेल्या असतील तर त्यांच्यातून पाझरणारी विकरे (एन्झाइम) ती साय पातळ करतात, एके दिवशी ती फाटते, फाटल्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद पडते.

एचआयव्हीच्या संसर्गात या साखळीला दोन-तीन ठिकाणी जोर मिळतो. पहिले ठिकाण आतडे. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात आणि पुढे औषधाने रक्तातला सीडी४ सावरला तरी आतड्याचा हा बांध पूर्वीसारखा घट्ट होत नाही. त्यातून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत राहतात. मोनोसाइटना हे अंश ओळखता येतात, त्यामुळे प्रत्यक्ष जंतुसंसर्ग नसतानाही त्या सदैव सावध, किंबहुना चिडलेल्या राहतात. सीडी१६ ही खूण अंगावर बाळगणाऱ्या मोनोसाइटचे प्रमाण अशा वेळी वाढलेले आढळते; त्यांच्यापैकी काही पेशी रक्त गोठवणारा टिश्यू फॅक्टर नावाचा घटक पृष्ठभागावर घेऊन हिंडतात. म्हणजे प्लाक वाढवणे आणि गुठळी धरणे या दोन्ही कामांना एकाच घरातून मनुष्यबळ मिळते.

दुसरे ठिकाण टी-पेशींचे. आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात सायटोमेगॅलो नावाचा विषाणू लहानपणापासून निपचित पडून असतो. एचआयव्ही असताना त्याच्यावर पहारा ठेवण्यासाठी सीडी८ या टी-पेशींची मोठी फौज उभी राहते आणि एआरटीनंतरही ती माघारी जात नाही. या फौजेतल्या पुष्कळ पेशींवर रक्तवाहिनीच्या अस्तराशी जोडून घेणारा एक ग्राही रेणू (रिसेप्टर) असतो. पहारा विषाणूवर, पण ठाण मांडून बसायचे ते रक्तवाहिनीच्या भिंतीशी, असा हा प्रकार आहे. तिसरे कारण विषाणू स्वतः : औषध त्याला दाबते, संपवत नाही.

हे सारे प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. अमेरिकेतील ८२,४५९ माजी सैनिकांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान वगैरे नेहमीची कारणे हिशोबात धरून झाल्यावरही एचआयव्ही असलेल्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे ४८ टक्क्यांनी अधिक निघाला, आणि ज्यांच्या रक्तातला विषाणू औषधाने दबून ५०० प्रतींच्या खाली होता त्यांच्यातही तो जवळजवळ ४० टक्क्यांनी अधिकच राहिला. ते सैनिक बहुतांश पुरुष होते आणि परदेशी होते हे खरे. पण आपल्याकडे परिस्थिती सौम्य असेल असे मानायला आधार नाही; ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता, तर इतरांना ५९च्या आसपास.

हातातल्या अहवालातून काय वाचावे

हिरव्या पुस्तकाची मागची पाने उलटा आणि औषध सुरू करण्याच्या वेळचा सीडी४ शोधा. आजचा आकडा जेवढा महत्त्वाचा, तेवढाच आजवर गाठलेला सर्वांत खालचा आकडाही महत्त्वाचा असतो. जो २०० च्या खाली जाऊन परत आला, त्याच्या आतड्याची आणि रक्तवाहिन्यांची झीज पहिल्यापासून ५०० वर असलेल्यापेक्षा अधिक झालेली असण्याचा संभव असतो. हा जुना आकडा एका कागदावर लिहून घ्या, कारण नव्या ठिकाणी बदली झाली, पुस्तक भिजले किंवा हरवले की तो कुणालाच सांगता येत नाही, आणि हृदयाच्या डॉक्टरांना तो विचारण्याची सवय नसते.

त्यानंतर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचे प्रमाण. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असा शेरा असेल तर विषाणू यंत्राच्या नजरेखाली गेला आहे. हृदयासाठीही ही सर्वांत मोलाची ओळ आहे. पण तिचा अर्थ आतली धुसफूस पूर्ण थांबली असा नव्हे. ती पुष्कळ कमी झाली, एवढाच. ही चाचणी साधारणपणे वर्षातून एकदा होते. सीडी४ ३५० च्या वर आणि विषाणू दबलेला असला की सीडी४ची चाचणी वारंवार केली जात नाही. ‘माझा सीडी४ करणे का बंद केले?’ अशी तक्रार अनेक जण करतात, पण यात हलगर्जी नाही. त्या आकड्याने त्या टप्प्यावर नवे काही कळत नाही म्हणून तो थांबवतात.

काही अहवालांत सीडी४च्या शेजारी सीडी८चाही आकडा छापलेला असतो. असेल तर भागाकार करून पाहा. समजा सीडी४ ५२० आहे आणि सीडी८ १,०४० आहे. ५२० ला १,०४० ने भागले की ०.५ येते. निरोगी माणसात हे गुणोत्तर सहसा १ च्या वर असते. सीडी४ एकटा पाहिला तर ५२० हा आकडा समाधानकारक वाटतो, पण ०.५ हे गुणोत्तर सांगते की सीडी८ची ती फौज अजून मैदानातच आहे. एआरटी लवकर सुरू केलेल्यांत हे गुणोत्तर हळूहळू सुधारते, उशिरा सुरू केलेल्यांत कित्येक वर्षे खालीच अडकून राहते. ते वाढवणारी कोणतीही वेगळी गोळी नाही, म्हणून केवळ हा आकडा काढण्यासाठी बाहेरच्या लॅबमध्ये पैसे मोजू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. छापून आला असेल तर तो धोक्याकडे अधिक गांभीर्याने पाहण्याची सूचना समजावा.

साध्या रक्ततपासणीत, म्हणजे सीबीसीमध्ये, मोनोसाइटची टक्केवारी असते. एकूण पांढऱ्या पेशी ६,८०० आणि मोनोसाइट ६ टक्के असतील तर एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे ४०८ मोनोसाइट झाल्या. हा आकडा पाहून पुष्कळांना वाटते की हीच ती चिडलेल्या पेशींची मोजणी. तसे नाही. सीबीसी पेशींची संख्या सांगते, स्वभाव सांगत नाही. स्वभाव कळण्यासाठी विद्राव्य सीडी१४, विद्राव्य सीडी१६३ असे घटक मोजावे लागतात. ते संशोधनात मोलाचे ठरले आहेत. विद्राव्य सीडी१४ ज्यांच्यात सर्वाधिक होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक आढळले. परंतु एका रुग्णात तो आकडा अमुक आला म्हणून अमुक उपचार करावा, असा नियम अजून नाही. कोणी महागड्या ‘इम्यून प्रोफाइल’चे पॅकेज गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नकार द्यावा. त्या पैशांत वर्षभराचे कोलेस्टेरॉल, साखर आणि घरचे रक्तदाबाचे यंत्र भागते.

एचएस-सीआरपी ही दाह मोजणारी चाचणी मात्र अनेक लॅबमध्ये मिळते. १ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, असे तिचे ढोबळ वाचन आहे. सर्दी-ताप, दाढेचा गळू, लघवीचा संसर्ग, क्षयरोग यांपैकी काहीही असताना ही चाचणी करू नये, कारण आकडा त्या आजाराचा येतो आणि धास्ती हृदयाची बसते. एकदा जास्त आला तर किमान दोन आठवड्यांनी पुन्हा करावा.

वर्षातून एकदा करायची मोजमापे

एवढे वाचून कुणाला वाटेल की पेशींचीच मोजणी करता येत नाही तर पुढे करायचे काय. करायचे ते जुनेच आहे, पण अधिक काटेकोरपणे करायचे आहे. पेशी चिडलेल्या असल्या तरी त्यांना गिळायला एलडीएल कमी मिळाले, अस्तरावर रक्तदाबाचा मारा कमी झाला आणि तंबाखूचा धूर बंद झाला, तर त्यांचे फारसे चालत नाही.

रक्तदाबापासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक चुका तेथेच होतात. एक पंचावन्न वर्षांचे गृहस्थ सकाळी सहाची एसटी पकडून येतात, स्थानकावर चहा घेतात, तंबाखूची चिमूट मळतात, दोन जिने चढतात आणि रांगेत उभ्या उभ्या हात पुढे करतात. यंत्र १५८/९६ दाखवते. त्यांना दहा मिनिटे खुर्चीत बसवून पुन्हा मोजले की १३४/८४ भरते. पहिला आकडा धरला असता तर कदाचित विनाकारण गोळी सुरू झाली असती. याच्या उलटही घडते : घाईत एकदाच मोजून ‘ठीक आहे’ म्हटले जाते आणि खरा वाढलेला दाब निसटतो. म्हणून मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकवून आणि पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, बाही वर सरकवून दंड मोकळा करावा, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवावा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. घरी यंत्र असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलेले आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवणे हे एका भेटीतल्या एका आकड्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह असते.

कंबर मोजताना पँटच्या पट्ट्याचा आकडा सांगू नये. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, सहज श्वास सोडल्यावर टेप धरावी. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ओलांडले की धोका धरतात. एआरटीच्या सध्याच्या पहिल्या फळीच्या, तीन औषधे एकत्र असलेल्या टीएलडी गोळीत डोलुटेग्राव्हिर हे औषध आहे. ही गोळी सुरू झाल्यावर काहींचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन वाढते. अंग भरले, तब्येत सुधारली म्हणून सुरुवातीला घरात आनंद होतो, आणि ज्याने एकेकाळी स्वतःला हाडांचा सापळा झालेले पाहिले त्याला ‘वजन कमी करा’ म्हणणे जड जाते. तरीही दर तिमाहीला टेप लावावी. पाच किलो वाढल्यावर थांबवणे पंधरा किलो वाढल्यावर उतरवण्यापेक्षा सोपे असते.

साखरेच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी एचआयव्हीसह जगणाऱ्यांत कधी कधी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते, विशेषतः झिडोव्युडीनसारखी तांबड्या पेशींवर परिणाम करणारी औषधे चालू असतील तेव्हा. त्यामुळे केवळ तिच्यावर न विसंबता उपाशीपोटीची साखरही तपासावी.

आता लिपिड प्रोफाइल. एचआयव्हीत ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि चांगले मानले जाणारे एचडीएल घटलेले, असे चित्र वारंवार दिसते. अनेक लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, गणिताने काढतात : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. एकूण १९०, एचडीएल ३८ आणि ट्रायग्लिसराइड १८० असतील तर १९० मधून ३८ आणि ३६ गेले, उरले ११६. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर हे गणित कोलमडते. अशा वेळी उपाशीपोटी पुन्हा तपासावे किंवा एलडीएल थेट मोजून घ्यावे. एकूणमधून फक्त एचडीएल वजा केले की मिळणारा आकडा, येथे १५२, हाही डॉक्टरांना उपयोगी पडतो, कारण त्यात रक्तवाहिनीला त्रासदायक असलेले सगळेच कोलेस्टेरॉल येते.

तंबाखूबद्दल थोडक्यात : बिडी-सिगारेट सोडली आणि मिश्री, गुटखा किंवा चुना-तंबाखू चालू राहिली, तर धूर थांबला पण निकोटिनचा मारा थांबलेला नाही. घरातली बाई दात घासायला मिश्री वापरत असेल तर ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. मिश्रीविषयी वेगळे विचारावे लागते. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते.

खाण्यापिण्यात मीठ हा आपल्याकडचा लपलेला भाग आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ सांगते. लोणचे, पापड, ठेचा आणि खारवलेले बोंबील रोज ताटात असतील तर भाजी-आमटीत घालण्याआधीच त्यातले बरेचसे संपलेले असते. बाकी आठवड्यातून एकंदर दीडशे मिनिटे झपझप चालणे, एवढे पुरे. दात-हिरड्यांची तपासणी मात्र टाळू नये, कारण सुजलेली हिरडी हाही रोजच्या दाहाचा एक झरा असतो.

गोळ्या : जी थांबवायची नाही आणि जी मागायची

हृदयाच्या भीतीने एआरटीला सुट्टी देण्याचा विचार काहींच्या मनात येतो. ‘ही औषधे उष्ण पडतात, त्यानेच हृदय बिघडते’ असे शेजारपाजारचे कोणी सांगते. या प्रश्नाचे उत्तर २००६ साली स्मार्ट नावाच्या चाचणीने दिले. ५,४७२ जणांपैकी एका गटाने एआरटी अखंड घेतली आणि दुसऱ्या गटाने सीडी४ चांगला असताना थांबवून, तो २५० च्या खाली गेल्यावर पुन्हा सुरू केली. थांबवणाऱ्यांत केवळ एड्सशी निगडित आजार वाढले असे नाही, तर हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे गंभीर त्रासही वाढले. पुढे त्याच रुग्णांच्या रक्तात दाहाचे आणि रक्त गोठण्याचे घटक, म्हणजे इंटरल्यूकिन-६ आणि डी-डायमर, ज्यांच्यात जास्त होते त्यांच्यात मृत्यूही जास्त आढळले. अर्थ सरळ आहे : विषाणू मोकळा सुटला की पेशी चवताळतात आणि पेशी चवताळल्या की रक्तवाहिनी भोगते. गावी लग्नाला जाताना चार दिवसांच्या गोळ्या विसरणे ही म्हणूनच हृदयाच्या दृष्टीनेही लहान चूक नव्हे. टीएलडीमधली दोन औषधे हिपॅटायटिस बी विषाणूलाही आवर घालतात, हे आणखी एक कारण.

काही एआरटी औषधांचा हृदयाशी संबंध जोडला गेला आहे हेही खरे. २००८ साली एका मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासात अबाकाव्हिर घेणाऱ्यांत झटक्याचे प्रमाण अधिक दिसले. सगळ्याच अभ्यासांचे त्यावर एकमत नाही, तरी ज्याला आधीच हृदयविकार आहे किंवा ज्याचा धोका मोठा आहे त्याच्यासाठी शक्यतो दुसरा पर्याय निवडतात. तुमच्या पुस्तकात हे नाव असेल तर पुढच्या भेटीत विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत गोळी चालू ठेवा.

आता स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांविषयी, कारण गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठा बदल येथेच झाला आहे. रिप्रीव्ह या चाचणीत १२ देशांतील ४० ते ७५ वयाचे ७,७६९ जण होते आणि त्या देशांत भारतही होता. सगळे एआरटीवर होते आणि नेहमीच्या गणिताप्रमाणे त्यांचा हृदयविकाराचा धोका कमी किंवा मध्यम होता. त्यांचे एलडीएल साधारण १०८ च्या आसपास, म्हणजे सर्वसामान्य दवाखान्यात कुणी औषध लिहून देणार नाही असे. निम्म्यांना रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. सुमारे पाच वर्षांनंतर फरक इतका स्पष्ट झाला की चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली गेली. २०२३च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार झटका, पक्षाघात आणि तत्सम मोठ्या घटना स्टॅटिनच्या गटात ३५ टक्क्यांनी कमी होत्या.

टक्केवारीने भारावून जाण्याआधी दुसरा हिशोबही पाहावा. हजार माणसे एक वर्ष पाहिली तर निष्क्रिय गोळीवर सुमारे सात आणि स्टॅटिनवर सुमारे पाच घटना घडत होत्या. पाच वर्षांत साधारण १०६ जणांनी गोळी घेतली तर एकाची मोठी घटना टळते. नव्याने मधुमेह जडल्याचे प्रमाण ४.० ऐवजी ५.३ टक्के होते आणि स्नायूदुखीही थोडी अधिक होती. हे दोन्ही हिशोब समोर ठेवून अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना २०२४ मध्ये बदलल्या : ४० ते ७५ वयाच्या व्यक्तीचा पुढच्या दहा वर्षांतला हृदयविकार-पक्षाघाताचा धोका ५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर स्टॅटिन द्यावे, आणि त्याहून कमी असेल तर डॉक्टर व रुग्णाने विचार करून ठरवावे. पिटाव्हास्टॅटिनच्या जागी अटोर्व्हास्टॅटिन २० किंवा रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम हे पर्यायही त्यांत आहेत. मधुमेह असेल तर चाळिशीनंतर स्टॅटिनची गरज तशीही मानलीच जाते.

म्हणून ‘माझे कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?’ या प्रश्नाला एचआयव्हीच्या बाबतीत निराळे उत्तर आहे. येथे औषध केवळ कोलेस्टेरॉलच्या आकड्यासाठी नसून, चिडलेल्या पेशींसमोर पडलेला चारा कमी करण्यासाठी आहे. पुढच्या भेटीत एआरटी केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा एनसीडी, म्हणजे असंसर्गजन्य आजारांच्या, कक्षातल्या डॉक्टरांना विचारावे : माझा दहा वर्षांचा धोका किती निघतो, मला स्टॅटिन योग्य आहे का, आणि माझ्या एआरटीबरोबर कोणते चालेल? स्त्री गर्भधारणेचा विचार करत असेल तर ते आधी सांगावे, कारण अशा वेळी स्टॅटिन टाळतात.

शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. टीएलडीबरोबर स्टॅटिनची विशेष अडचण नसते. परंतु दुसऱ्या फळीच्या ज्या औषधांत रिटोनाव्हिर असते त्यांच्याबरोबर सिम्व्हास्टॅटिन कदापि घेऊ नये. ते रक्तात प्रमाणाबाहेर साचते आणि स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडापर्यंत प्रकरण जाते. अटोर्व्हास्टॅटिनचीही मात्रा तेथे मर्यादित ठेवावी लागते. डोलुटेग्राव्हिरमुळे मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी वाढते, म्हणून मधुमेहींना मेटफॉर्मिन दिवसाला सहसा १,००० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. कॅल्शियम, लोह आणि पित्तावरची पातळ औषधे डोलुटेग्राव्हिरला शरीरात शोषू देत नाहीत. एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. रात्री जेवणानंतर पोटात जळजळ झाली म्हणून पांढऱ्या औषधाचे दोन चमचे आणि लगेच टीएलडी, असे महिनोन्महिने चालले तर गोळी न चुकवताही व्हायरल लोड वर येऊ शकतो.

छातीत कळ आली तर

जळजळीवरून आठवते ते असे की झटक्याच्या वेळी आपल्याकडे सर्वाधिक वेळ ‘पित्त झालंय’ या दोन शब्दांत जातो. छातीच्या मध्यभागी दडपण, डावा हात, जबडा किंवा पाठ भरून येणे, थंड घाम, श्वास अपुरा पडणे, यांपैकी काही पाच-दहा मिनिटांहून अधिक राहिले तर ओवा-सोडा घेऊन वाट पाहू नये. स्त्रियांत आणि मधुमेहींत कधी कधी दुखणे ठळक नसते. नुसता एकाएकी आलेला थकवा, मळमळ आणि दम एवढेच दिसते. १०८ ला फोन करावा आणि जेथे ईसीजी निघतो अशा रुग्णालयात जावे, एआरटी केंद्रात नव्हे. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर फोनवरील डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून घ्यावी. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात गळणे किंवा बोबडी वळणे ही पक्षाघाताची लक्षणे असतात. तेव्हाही १०८, मात्र अ‍ॅस्पिरिन नको.

रुग्णालयात आपण एचआयव्हीसह जगतो हे सांगावे की लपवावे, या विचारात अनेक जण अडकतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना निदान औषधांची नावे तरी कळायलाच हवीत, कारण अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवण्यासाठी देतात त्यांपैकी टिकाग्रेलोर रिटोनाव्हिरबरोबर देता येत नाही आणि क्लोपिडोग्रेलचा परिणामही त्याच्याबरोबर घटतो. यासाठी पाकिटात एक घडी घातलेला कागद ठेवावा : एआरटीच्या गोळीचे पूर्ण नाव, इतर सर्व औषधे व त्यांची मात्रा, सर्वांत खालचा सीडी४, शेवटचा व्हायरल लोड व त्याची तारीख, आणि घरातल्या ज्या एका माणसाला सगळे ठाऊक आहे त्याचा फोन क्रमांक. हा कागद त्या माणसाकडेही असावा. एचआयव्हीचे कारण सांगून उपचार नाकारणे हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याचा भंग आहे, आणि संमतीवाचून ही माहिती इतरांना सांगण्यासही त्या कायद्याने मनाई आहे. नकार मिळाला तर वाद घालत बसण्यापेक्षा आधी रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवावे. बंद वाहिनीच्या मागचा स्नायू दर मिनिटाला मरत असतो. मात्र केसपेपर, वेळ आणि नकार देणाऱ्याचे पद तेवढे लिहून ठेवावे. तक्रार राज्य पातळीवरील लोकपालाकडे करता येते, आणि ती कशी करायची हे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.